शून्याच्या डावीकडची घरं

रोसेन दोल गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं त्याला बेचाळीस वर्षं झाली होती, तेव्हा वेलिच्कानं ते परत मांडायला घेतलं. घरामागून घर, एकूण दोनशे चौदा. खालची आळी, वरची आळी, दोन्हींच्या मधलं म्हशींचं कुरण, चर्च, शाळा, आणि वरच्या आळीच्याही पलीकडचं, अगदी पश्चिमेच्या टोकाचं कबरस्तान.

काम संग्रहालयाचं होतं. गावातल्या उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांनी अर्ज करकरून ते पदरात पाडून घेतलं होतं. संग्रहालयाच्या कोपऱ्यात एक कपाट उभं करायचं, त्यात स्क्रीन बसवायची. तिच्यावर बोट टेकलं की आधी धरणाचं पाणी दिसेल, मग पाण्याखालून गाव हळूहळू वर येईल, मोठं होत जाईल. बोट उचललं की गाव पुन्हा खाली जाईल आणि वर लाटा हलत राहतील. क्रासेन नावाच्या तरुणाची दोन खोल्यांची कचेरी असली चित्रं करून द्यायची, आणि वेलिच्का तिथं गणिताचं बघायची. वय अठ्ठावन्न. त्याआधी बावीस वर्षं ती सरकारी गणनकेंद्रात होती. ते केंद्र बंद पडलं तेव्हा यंत्रं भंगारात गेली आणि बायका घरी गेल्या. वेलिच्का तेवढी घरी बसली नाही.

या कामात तिचा स्वतःचाही एक जीव अडकला होता. तिची थोरली बहीण दोना गावातल्या गावातच लग्न होऊन वरच्या आळीत पडली होती. तिची पहिली मुलगी, एलेन्का, पाच आठवड्यांची होऊन गेली. पुढच्याच वर्षी गाव उठलं. ज्यांनी अर्ज दिले त्यांच्या माणसांच्या कबरी सरकारनं उकरून नव्या जागी हलवल्या. पण यादी केली होती दगडांवरची नावं वाचून, आणि एलेन्काच्या डोक्याशी दगड नव्हताच, नुसता लाकडी क्रूस होता. तोही हिवाळ्यात पडलेला. दोनाचा नवरा तेव्हा दूर कुठंतरी रस्त्याच्या कामावर होता. दोना एकटी कचेरीत गेली, तर यादी बंद झाली म्हणून तिला परत पाठवलं.

तेव्हापासून वर्षातून तीनदा, मृतांच्या शनिवारी, दोना उकडलेला गोड गहू आणि वाइनची बाटली घेऊन बसनं धरणावर जायची. बाकीच्या बायका आपापल्या कबरींवर वाइन ओतायच्या, ही भिंतीच्या कडेला उभी राहून पाण्यात ओतायची. वेलिच्का बरोबर असायची. "एवढं हे पाणी," दोना एकदा म्हणाली होती, "आणि मी आपली दारात उभी राहून आत कुणाला तरी हाक मारतेय. आतमध्ये ती कुठल्या खोलीत आहे तेच मला ठाऊक नाही."

म्हणून काम हाती आलं त्याच संध्याकाळी वेलिच्का तिच्याकडे गेली होती. तिनं शब्द दिला होता की जागा दाखवीन. नेमकी. वल्हवत त्या जागेवर जाता येईल इतकी नेमकी.

धरण बांधताना काढलेला मोजणीचा नकाशा मिळाला. त्यावरून वेलिच्कानं एकेक घर आकड्यांत उतरवलं. सुरुवात कुठून करायची हा प्रश्नच नव्हता. रोसेन दोलमध्ये सगळं चर्चच्या उंबऱ्यापासून मोजायचे. अमक्याचं घर चर्चपासून दोनशे पावलं वर, तमक्याची विहीर चर्चपासून पन्नास पावलं खाली. तिनंही उंबऱ्यावर शून्य धरलं. पूर्वेची घरं शून्याच्या उजवीकडे आली, पश्चिमेची डावीकडे, म्हणजे शून्याहून कमी आकड्यांत. कबरस्तानात, भिंतीपासून तिसऱ्या जागी, अलुबुखाराच्या झाडाखाली, दोनाच्या आठवणीवरून तिनं एक बारीक पांढरा ठिपका ठेवला.

क्रासेननं चित्रं सुंदर केली. पण संग्रहालयानं दिलेला कॉम्प्युटर कुणीतरी दान केलेला होता, आणि त्याच्यावर ते गाव वर यायचं म्हणजे खाटेवरून आजारी माणूस उठावा तसं. सेकंदाला तीन चित्रं. लाट एकदा इथं दिसायची, मग एकदम तिथं. क्रासेन वैतागला. म्हणाला, लोक बोट टेकवतील, जांभई देतील आणि पुढच्या दालनात निघून जातील.

वेलिच्कानं त्याची स्क्रिप्ट, म्हणजे चित्रं हलवणारा प्रोग्राम, मागून घेतली आणि चष्मा पुसून वाचायला बसली. ती भाषा चित्रं नाचवणाऱ्यांसाठी केलेली होती, गणित तिच्या गळ्यात मागाहून बांधलेलं. लाटेच्या प्रत्येक बिंदूसाठी, प्रत्येक चित्राला, मशीन त्रिकोणमितीतली साइन नव्यानं काढत बसायचं. एकाच कोनाची साइन हजार वेळा. वेलिच्काला हसू आलं. गणनकेंद्रात मशीनचा वेळ दुधासारखा मापानं मिळायचा. तिथल्या थोरल्या त्सोनेवाबाईंनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, जे मशीनला एकदा सांगून भागतं ते दुसऱ्यांदा सांगशील तर तुला कापूस वेचायला पाठवीन.

तिनं सुरुवातीलाच सगळ्या साइन काढून एका यादीत ठेवल्या, अर्ध्या अर्ध्या अंशाच्या. मग लागेल तेव्हा नुसतं उचलायचं. जे घराघराला बदलत नव्हतं ते दर घरासाठी पुन्हा चालणाऱ्या फेऱ्याच्या बाहेर काढलं. भागाकार होते तिथं गुणाकार आणले. प्रत्येक घराची जागा मुळापासून काढण्याऐवजी मागच्या चित्रात ते जिथं होतं तिथून पुढं काढायची असं केलं, त्यानं निम्मं काम वाचलं. आणि आकडे जवळच्या पूर्ण सेंटिमीटरवर आणण्यासाठी भाषेचं जे सावकाश फंक्शन होतं ते काढून टाकून गणनकेंद्रातली जुनी युक्ती लावली: अर्धा मिळवायचा आणि अपूर्णांक छाटून टाकायचा. कोयत्याचा एक घाव. बावीस वर्षांत ही युक्ती कधी चुकली नव्हती. तिथं आकडे असायचे गव्हाच्या टनांचे, दुधाच्या लिटरांचे, विणलेल्या कापडाच्या मीटरांचे.

सेकंदाला सोळा चित्रं. लाटा खऱ्या लाटांसारख्या हलायला लागल्या.

"मावशी, तुम्ही गाढवाचा घोडा केलात," क्रासेन म्हणाला.

"गाढवच आहे ते. मी फक्त पाठीवरचं ओझं उतरवलं."

ती खूश होती. त्या रात्री तिला कितीतरी वर्षांनी शांत झोप लागली, आणि स्वप्नात गणनकेंद्रातली टायपिंगची खडखड ऐकू आली.

मे महिन्याच्या सुरुवातीला कपाट उघडलं. भाषणं झाली. दोना समारंभाला आली नाही. ज्यांनी बुडवलं त्यांच्याच पोरांची भाषणं ऐकायला मी कशाला येऊ, असा तिचा सवाल होता. दालनाची राखण करणाऱ्या पेन्काबाईला क्रासेननं बजावलं की कॉम्प्युटर कधीही बंद करायचा नाही, तो पुन्हा उठायला पाव तास घेतो आणि कधी कधी उठतही नाही. पेन्काबाईनं त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली.

चेरीचा शनिवार आला. उन्हाळ्याच्या तोंडावरचा हा मृतांचा दिवस. त्या दिवशी गव्हाबरोबर चेऱ्याही वाटतात. त्याच्या आधीच्या गुरुवारी वेलिच्का दोनाला संग्रहालयात घेऊन गेली. दोनानं बराच वेळ स्क्रीनला हातच लावला नाही. रुमालाला पुसून पुसून बोट कोरडं केलं, मग टेकवलं. पाणी बाजूला झालं, गाव वर आलं. आपलं घर ओळखल्यावर तिचा श्वास मोठा झाला. वेलिच्काला मधलं कुरण जरा अरुंद वाटलं. पण लहानपणची कुरणं मोठीच असतात, असं तिनं मनाशी म्हटलं.

"हा ठिपका?" दोनानं विचारलं.

"हो ताई. हाच."

दोना बोट उचलेना. मागं शाळेची मुलं रांगेत उभी होती, पेन्काबाईनं त्यांना दुसरीकडे नेलं. वेलिच्कानं स्क्रीनवरच्या मापानं अंतर काढलं. पश्चिम काठावरच्या पांढऱ्या खडकापासून समोरच्या पंपघराच्या रोखानं सरळ गेलं, की तीनशे पंचाहत्तर मीटर. तिनं ते कागदावर लिहून दिलं. मोजणीचा नकाशा तिच्या टेबलाच्या खणात होता. तो काढून बघावा असं तिला वाटलंही नाही. काय बघायचं? स्क्रीनवर होतं की.

शनिवारी मासे धरणाऱ्या मिहोकाकांनी दोघींना होडीत घेतलं. त्यांनी दोरीला गाठी मारून अंतर मोजलं आणि वल्ही वर घेतली. दोनानं वाइन ओतली, गहू सोडला, मग चेऱ्या, एकेक करून. चेऱ्या बुडेनात. त्या होडीच्या भोवती तरंगत राहिल्या आणि ती त्यांच्याशी बोलत राहिली. तुझ्यानंतर तुला दोन भाऊ झाले. धाकटा स्पेनमध्ये असतो, स्ट्रॉबेऱ्या तोडतो. तुझे वडील गेले. मला गुडघ्यांचा त्रास आहे. असं बरंच. मिहोकाकांनी टोपी काढून तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

त्या उन्हाळ्यात दोना बदलली. झोपेच्या गोळ्या सुटल्या. बेचाळीस वर्षं जिचं नाव तिनं शेजारणींसमोर कधी काढलं नव्हतं तिच्याबद्दल ती आता बोलायला लागली, आमची एलेन्का असती तर, असं. एकदा तर जिन्यात उभी राहून हसत होती. कशाला, ते वेलिच्काला आठवलं नाही, हसणं मात्र आठवलं.

सप्टेंबरात पेन्काबाईचा फोन आला. म्हणाली, "बाई, तुमच्या गावातली घरं चर्चच्या छपरावर चढून बसलीत. येऊन उतरवा."

क्रासेन आणि वेलिच्का गेली. खालची आळी जिथल्या तिथं होती. पण वरची आळी सगळीच्या सगळी कुरण ओलांडून पुढं सरकली होती आणि तिची पहिली सात-आठ घरं उंबऱ्यावर एकावर एक रचून पडली होती, पुरात वाहून येऊन पुलाला अडकल्यासारखी. क्रासेननं चिकटपट्टी काढली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पाव तासानं गाव जागच्या जागी होतं.

"झालं," तो म्हणाला. "रोज रात्री बंद करायचा. काय एवढं."

वेलिच्काचं तोंड उतरलं होतं. तिनं कचेरीत येऊन स्क्रिप्ट उघडली आणि फार शोधावंही लागलं नाही. अर्धा मिळवून छाटायची युक्ती शून्याच्या वरच्या आकड्यांसाठी होती. शून्याच्या खालचा आकडा छाटला की तो शून्याकडे सरकतो, आणि वर अर्धा मिळवलेला, म्हणजे आणखी सरकतो. उजवीकडची घरं अचूक. डावीकडचं प्रत्येक घर चित्रागणिक एक सेंटिमीटर चर्चकडे. दर वेळी मुळापासून मोजलं असतं तर तो सेंटिमीटर कुणाला दिसलाही नसता. पण तिनं मागच्या जागेवरून पुढची जागा काढली होती, आणि कॉम्प्युटर कधी बंद होत नव्हता, म्हणून तो साठत गेला. एकदा बोट टेकलं की चाळीस चित्रं. म्हणजे चाळीस सेंटिमीटर. गणनकेंद्रात शून्याच्या खाली कधी कुणी काही मोजलंच नव्हतं. उणे गहू कुणी पिकवत नाही.

किती जणांनी बोट टेकवलं याचा रोजचा आकडा संग्रहालयासाठी लिहून ठेवला जायचा. उद्घाटनापासून त्या गुरुवारपर्यंत चारशे बारा वेळा. वेलिच्कानं कागदावर गुणाकार केला. मग खणातून नकाशा काढला, पट्टी ठेवली. एलेन्काची जागा खडकापासून दोनशे दहा मीटरवर होती. दोना तिच्यावरून होडीतून पुढं निघून गेली होती, आणि एकशे पासष्ट मीटर पलीकडे जाऊन बोलली होती.

क्रासेननं सगळं ऐकून घेतलं. पोरगा वाईट नव्हता. तो म्हणाला की मावशी, हे आपण दुरुस्त करू, पण तुमच्या बहिणीला सांगू नका. त्यांना बरं वाटतंय ना, मग वाटू दे. पाण्यात काय, इथं काय न् तिथं काय. वेलिच्कानं स्क्रिप्ट दुरुस्त केली, दोन ओळींचं काम होतं. घरी जाऊन ती दोन आठवडे गप्प राहिली. बहिणीकडे जायची, कॉफी प्यायची, परत यायची.

तेवढ्यात दोनानं सांगितलं की तिनं पाथरवटाकडे एक लहानसा दगड करायला टाकलाय. नाव कोरलेला. नोव्हेंबरातल्या मृतांच्या शनिवारी तो जागेवर सोडायचा. यादीत नाव यायला दगडच लागत होता ना, मग घ्या आता दगड, असं ती म्हणाली. मग मात्र वेलिच्काला गप्प राहता येईना.

दोना गॅलरीत झाकणाच्या भट्टीत ढोबळ्या मिरच्या भाजत होती. हिवाळ्यासाठी बरण्या भरायच्या होत्या. वेलिच्का शेजारी स्टुलावर बसून भाजलेल्या मिरच्यांची सालं काढायला लागली, आणि सालं काढता काढताच तिनं सगळं सांगितलं. आकड्यांचं जितकं सांगता येईल तितकं, मग मीटर. आतली मिरची जळाल्याचा वास आला तरी दोनानं झाकण उचललं नाही.

"मग मी पाजलं कुणाला?" तिनं शेवटी विचारलं.

वेलिच्कानं ते नकाशावर बघून ठेवलं होतं. "कुणाला नाही, ताई. तिथं कुरण आहे."

"म्हशींचं."

"हो."

दोनानं झाकण काढलं, जळलेली मिरची चिमट्यानं उचलून बाजूला ठेवली.

"तुला एवढी घाई कसली झाली होती?"

"मला नाही. मशीन फार मंद होतं. लोक थांबणार नाहीत, कंटाळतील, असं क्रासेनला—"

"मी बेचाळीस वर्षं थांबले," दोना म्हणाली. "लोकांना एक मिनिट थांबवलं नाही?"

वेलिच्काच्या बोटांना मिरचीच्या सालीचा काळा चिकटा लागला होता. ती तो पुसत राहिली. दोनानं सांगितलं की खरा आकडा कागदावर लिहून मिहोला दे. होडीत तू येऊ नकोस. काठावर थांब.

तो आकडा वेलिच्कानं हातानं काढला. मोजणीचा नकाशा, पट्टी, पेन्सिल. तीन वेगवेगळ्या दिवशी तीनदा काढला, तिन्ही वेळा दोनशे दहाच आला. मिहोकाकांना कागद दिला, वर तोंडीही सांगितलं.

नोव्हेंबरातला तो शनिवार कोरडा होता, वारा अजिबात नाही. पाणी शिशासारखं पडलेलं. दोना होडीत बसली, दगड मांडीवर, शालीत गुंडाळलेला. बशीएवढाच होता, पण तो घेताना मिहोकाकांचा हात खाली गेला. वेलिच्का पांढऱ्या खडकाशी उभी राहिली. होडी पंपघराच्या रोखानं निघाली. दोरीच्या गाठी एकेक सुटत गेल्या आणि बरोबर जिथं थांबायला हवी होती तिथं होडी थांबली. मिहोकाकांनी वल्ही वर घेतली. पाण्याचे थेंब गळतानाही काठावरून दिसत होते.

दोना बसून राहिली. दोन्ही बाजूंनी वाकून तिनं पाण्यात पाहिलं. मग ती मिहोकाकांना काहीतरी म्हणाली. ते तिच्याकडे बघत राहिले, खिशातून कागद काढला, परत खिशात ठेवला, आणि वल्ही पाण्यात घातली. होडी पुढं निघाली.

अशा दिवशी त्या पाण्यावर आवाज लांबवर जातो. वेलिच्कानं हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तिनं तोंडही उघडलं होतं. होडी शंभर मीटर गेली, आणखी पन्नास गेली, आणि कुरणावर जाऊन उभी राहिली. दोनानं शाल सोडली, दगड दोन्ही हातांनी होडीच्या काठावर टेकवला, बराच वेळ धरून ठेवला आणि सोडला. नंतर बाटलीतली वाइन ओतली, सगळी.

परत आल्यावर मिहोकाका वेलिच्काच्या नजरेला नजर देईनात. पुटपुटले की मी कागदावरच्या जागी थांबलो होतो, बाई. दोनाला उतरायला हात हवा होता, तो तिनं वेलिच्काचाच धरला. तिचे हात ओले आणि बर्फासारखे झाले होते.

"तिथं काही नव्हतं," दोना म्हणाली. "तुझ्या जागेवर. नुसतं पाणी होतं. पलीकडे मी तिच्याशी बोलले होते, आणि तिनं ऐकलं होतं. ते मला माहीत आहे. आता पोरीला पुन्हा नव्या जागी कशी नेऊ? एकदा ठेवलं ते ठेवलं."

वेलिच्काला खूप काही म्हणायचं होतं. की ताई, पोर तिथं नाही, ती त्या दोनशे दहावर एकटी आहे, आणि तू तिच्या डोक्यावरून दुसऱ्यांदा निघून गेलीस. की आकडा या वेळी बरोबर होता. तिनं बहिणीचे हात आपल्या हातांत चोळले आणि तिच्या खिशातले हातमोजे काढून तिला घातले, लहान मुलाला घालावे तसे, एकेक बोट.

बस आली. गर्दी नव्हती. दोना पुढच्या बाकावर जाऊन बसली आणि शेजारच्या जागेवर तिनं रिकामी पिशवी ठेवली. वेलिच्का तिच्या मागच्या बाकावर बसली. रस्ता धरणाच्या कडेनं जातो, चांगला वीस मिनिटं पाणी दिसत राहतं. दोनानं एकदाही खिडकीकडे पाहिलं नाही.